बर्मातला बंदोबस्त

शामकला मला गुरुजी म्हणायची. म्हणायला नको होतं, हे मी सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाचणाऱ्याला माझ्याविषयी गैरसमज राहणार नाही.

दरेकसा स्टेशनपासून कोसभर आत, जंगलाच्या काठाला आमचा टोला. पन्नासेक घरं. बहुतेक कुणब्यांची, चार-पाच पोवारांची, नाल्यापलीकडे गोंडांची. मी तिथल्या प्राथमिक शाळेचा मास्तर, आणि शाळेच्याच एका लाकडी कपाटात सरकारने पोस्ट ठेवलं होतं, त्यामुळे पोस्टमास्तरही मीच. पोरं पाटीवर अक्षरं गिरवीत आणि मी पाकिटांवर शिक्के मारी. भंडाऱ्याला मामाकडे राहून मी इंग्रजीच्या चार यत्ता केल्या होत्या. चारच. पण टोल्यात तेवढ्यावर मी विद्वान ठरलो. वासरांत लंगडी गाय शहाणी. मलाही हळूहळू वाटायला लागलं होतं की आपण लंगडत नाही, चालतोच तसं डौलात.

शामकलेचा नवरा खुशाल हा आरा ओढणारा. दोन माणसं, एक वर ओंडक्यावर, एक खाली खड्ड्यात, आणि मध्ये तो लांब दातेरी आरा. साग असो की बीजा, खुशालची फळी दोऱ्यासारखी सरळ निघायची. लढाईच्या काळात त्याला मजूर पलटणीत भरती करून बर्मात नेलं, जंगल तोडून रस्ते करायला. लढाई संपली, तो परत आला, आणि स्वराज्य आलं त्याच उन्हाळ्यात त्याचं शामकलेशी लग्न लागलं. दहा महिने दोघं टोल्यात राहिली. त्या दहा महिन्यांत ती दोघं हसत नाहीत असं मी पाहिलं नाही. शामकला उंच, हाडापेराने दणकट, तोंडाची फटकळ; धानाच्या रोवण्याच्या वेळी तिच्या ओळीच्या पुढे कोणाला जाता येत नसे. खुशाल तिला म्हणायचा, "तू आरा ओढजो, मी भाकरी करतो."

मग बर्मातून चिठ्ठी आली. टाउंगू नावाच्या गावी सागवानाची मोठी आरागिरणी होती, लढाईत ज्या साहेबाच्या हाताखाली खुशालने काम केलं होतं तो तिथे मॅनेजर झाला होता. त्याला खुशालच पाहिजे होता. संक्रांत झाल्यावर खुशाल गेला. दोन वर्षांची बोली. जाताना शामकलेला स्टेशनवर नेलं नाही, भासऱ्यासमोर ती कशी जाणार? भासरा म्हणजे खुशालचा थोरला भाऊ कवडू. आमच्याकडे धाकट्याची बायको भासऱ्यासमोर उभी राहत नाही, बोलत नाही, त्याचा आवाज आला की दाराआड होते. ही रीत मी इथे उगाच सांगत नाही.

वर्षभर पत्रं आली. मीच वाचायचो. दिवाळीच्या पत्रात त्याने लिहिलं होतं की इथे करेण नावाचे डोंगरातले लोक आणि सरकार यांचं बिनसत चाललं आहे, बाजारात बंदुकावाले दिसतात, पण तू काळजी करू नको. ते शेवटचं पत्र.

स्टेशनमास्तरकडे नागपूरचा पेपर एक दिवस शिळा यायचा. एकोणपन्नासच्या थंडीत त्यात वाचलं की टाउंगू बंडवाल्यांच्या हातात गेलं. वर्षभराने वाचलं की सरकारने परत घेतलं. करेण, कम्युनिस्ट, फुटलेल्या पलटणी, कोण कोणाविरुद्ध लढत होतं याचा तिथल्यांनाही पत्ता नसावा. आणि दिल्ली काय म्हणत होती, ते मला आज तोंडपाठ आहे. बर्मा आपला शेजारी आहे, मित्र आहे. तिथलं सरकार टिकावं अशी आपली इच्छा आहे. पण तिथली यादवी हा त्यांचा अंतर्गत प्रश्न आहे, आपण मध्ये पडणार नाही, बोलणी करून त्यांनी आपसात समेट करावा एवढीच आपली आशा. त्याच पेपरात असंही आलं होतं की आपण त्या सरकारला बंदुका दिल्या. बंदुका पुरवणं म्हणजे मध्ये पडणं का नव्हे, हे मला कोणी समजावून दिलं नाही. दिल्लीतल्या मोठ्या लोकांना समजत असेल. त्यांच्या चारपेक्षा जास्त यत्ता झालेल्या असतात.

पण त्या वेळी हे मला इतकं स्वच्छ कळत नव्हतं, तिथेच तर सगळा घोटाळा झाला.

मी शामकलेच्या नावाने दिल्लीला अर्ज लिहिले. दोन वर्षांत तीन. माझा नवरा खुशाल, राहणार अमुक, टाउंगूच्या आरागिरणीत कामाला, त्याचा ठावठिकाणा कळावा. तिसऱ्या अर्जाला उत्तर आलं एक्कावन्नच्या वैशाखात. लांबट पाकीट, वर सिंहांची मुद्रा, आत टाइप केलेला इंग्रजी कागद. तोवर आमच्या पोस्टात दिल्लीहून कधी काही आलं नव्हतं. मी छाती फुगवून टोल्यात निरोप धाडला.

शाळेच्या ओट्यावर पंधरा-वीस माणसं जमली. कवडू आला, त्याच्या शेजारी शालीकराम बसला. शालीकराम हा निवृत्त पटवारी, तरुणपणी जमिनीच्या मोजणीत साखळी ओढण्यापासून सुरुवात केलेला, टोल्यात माझ्यानंतरचा विद्वान. त्याच्या मते माझ्या आधीचा. शामकला वर्गात, दाराआड उभी होती, कारण ओट्यावर भासरा होता.

मी वाचत गेलो आणि जमेल तसा अर्थ सांगत गेलो. टाउंगू जिल्ह्यातल्या परिस्थितीमुळे खुशालचा ठावठिकाणा सध्या सांगता येत नाही. इथवर बरोबर सांगितलं. पुढे दोन शब्द होते. पहिला 'इंटर्नल मॅटर'.

"इंटर्नल म्हंजे का जी?" कवडूने विचारलं.

"आतला. घरातला," मी म्हणालो. "घरचा मामला. भारत सरकार म्हणते, हा घरचा मामला आहे, त्यात आम्ही पडत नाही."

लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. घरचा मामला हा शब्द आमच्या टोल्यात एकाच कामाला वापरतात. नवरा-बायकोचं वाजलं, कोणी बाई ठेवली, कोणी पळवली, की शेजारी कडी लावून घेतात आणि म्हणतात, घरचा मामला आहे, आपण मधात कायले पडा.

दुसरा शब्द होता 'सेटलमेंट'. मी वाचलं, "टाउंगू जिल्ह्यात लवकरच सेटलमेंट होईल, अशी सरकारला आशा आहे. ती झाल्यावर पुढची चौकशी करता येईल."

शालीकराम ताठ झाला. "पुन्हा वाचा जी. सेटलमेंट?"

"सेटलमेंट."

आता हे समजायला आमचा मुलूख माहीत पाहिजे. नुकतीच मालगुजारी, म्हणजे आमच्याकडची जमीनदारी, गेली होती. दोन महिने टोल्यात दुसरी गोष्ट नव्हती. कोणाची बांधी, म्हणजे धानाचं शेत, कोणाच्या नावावर चढणार, आणि म्हाताऱ्यांच्या तोंडी जुना सेटलमेंट, नवा सेटलमेंट. सेटलमेंट म्हणजे बंदोबस्त, जमिनीची मोजणी, कोणाच्या नावावर कोणतं शेत ते कायमचं लिहून घेणं. आमच्याकडे इंग्रजीचं अक्षर न कळणाऱ्या म्हातारीलाही हा एक इंग्रजी शब्द ठाऊक. त्याला दुसरा अर्थ असतो हे तिला माहीत नव्हतं, शालीकरामला माहीत नव्हतं, आणि मलाही नव्हतं.

"मंग झालं न," शालीकराम मांडीवर थाप मारून म्हणाला. "मी सेटलमेंट पायला हाय. साकळी ओढली हाय. सेटलमेंट होऊन राहिला तवा मानूस बांधी सोडून हालत नाई, हालला की नाव गेलं. तो तेथं जमिनीवर बसला हाय. म्हनून चिठ्ठी नाई."

"जमीन? त्याची तेथं कायची जमीन?" कवडू म्हणाला.

"तेथच्या बाईची असन," मागून कोणीतरी म्हणालं.

आणि ते 'घरचा मामला' सगळ्यांच्या डोक्यात एकदम जाऊन बसलं. सरकारने लाजेकाजेने लिहिलं आहे, दुसरी घरवाली केली असं सरळ कसं लिहिणार. म्हणून म्हणतात घरचा मामला आहे, आम्ही मधात पडत नाही. इतकं चपखल बसलं की मलाही वाटलं, वा, सरकार किती सभ्य लिहितं. कोणाच्याच मनात पाप नव्हतं. कवडूच्या डोळ्यांत तर पाणी आलं, धाकट्याने तोंड काळं केलं म्हणून. दोन देशांच्या कारभारातली वाक्यं आम्ही घरी आणली आणि खुशालच्या अंगात सदऱ्यासारखी घातली, तर ती मापाने शिवल्यासारखी आली. अज्ञान म्हणतात ते काही रिकामं नसतं. आमच्यापाशी दोन्ही शब्दांचे अर्थ होते. भरपूर होते.

शामकला दाराआडच होती. भासरा बसलेला असताना तिने विचारायचं कसं? माणसं पांगली, कवडू गेला, तेव्हा ती बाहेर आली.

"गुरुजी, कागदात बाईचं नाव हाय का?"

"नाव नाही."

"नाव नसू द्या. बाई म्हनून हाय का कोठं?"

"नाही," मी म्हणालो. "पण..."

"पन का?"

या ठिकाणी मला गप्प बसता आलं असतं. मला नक्की माहीत नाही, असं म्हणता आलं असतं. चार यत्तांच्या मास्तराला ते शोभलं असतं. पण ओट्यावर वीस माणसांसमोर अर्थ सांगून झाला होता. मी म्हणालो, "सरकारी कागदात तसं उघड लिहीत नाहीत."

तिने मान हलवली. तिने माझ्यावर विश्वास ठेवला.

पुढची दोन वर्षं शामकला पोस्टाकडे फिरकली नाही. टोल्यातल्या बाया तिला बर्मावाली म्हणू लागल्या. आधी प्रेमाने म्हणायच्या, आता तोंड वाकडं करून. तीही काही ऐकून घेणारी नव्हती. रोवण्यात कमरेइतकी वाकून ती मोठ्याने खुशालला शिव्या घालायची, त्याच्या बर्मातल्या बांधीत किडा पडो, त्याच्या बंदोबस्ताला आग लागो, आणि बाया हसून हसून चिखलात बसायच्या. ती हसायची नाही. कवडूची बायको रुख्मा एकदा म्हणाली, "दुसरा पाट लाव न माय, कायले जलम जाळतं?" तर तिने पऱ्ह्यांची, म्हणजे धानाच्या रोपांची, पेंढी तिच्या अंगावर फेकली. नवऱ्यावर रागवायचा हक्क तिला सोडायचा नव्हता. दुसरा केला असता तर तो हक्क गेला असता.

त्रेपन्नच्या कार्तिकात पुन्हा सिंहांच्या मुद्रेचं पाकीट आलं. या वेळी कागद छापील होता, इंग्रजी आणि हिंदी दोन्हीत, त्यामुळे त्याचा अर्थ मला बरोबर लागला. रंगूनच्या भारतीय वकिलातीत खुशाल नावाचा एक माणूस आला आहे. त्याच्याजवळ कागदपत्रं नाहीत. तो अमुक गावचा आहे आणि शामकला ही त्याची बायको आहे, असं तो सांगतो. हा माणूस तुमचा आहे काय, आणि परत आल्यास तुम्ही त्याला घरी घ्याल काय? खाली सही किंवा अंगठा.

मी ते तिला शाळेत बोलावून सांगितलं. या वेळी दोघंच होतो.

"आता आठवन आली?" ती म्हणाली. "तेथची बांधी बुडाली असन. नाई त त्या रांडनं हाकलला असन. आता म्हनते बायको हाय माही!"

"शामकला, तो येऊ शकतो. हा कागद भरला की येईल."

"कायले येइन? मी का धरमशाळा होय?" तिचा आवाज फाटला. "पाच साल. चिठ्ठी नाई, चपाटी नाई. सरकारनं लिवून देल्लं तवाच समजलं. लिवा गुरुजी. लिवा, हा मानूस माहा कोनी नाई."

मी म्हटलं, विचार कर. हे मी एकदा म्हटलं. दुसऱ्यांदा म्हटलं नाही, कारण मलाही खुशालचा राग आला होता, आणि दुसऱ्याच्या घरच्या मामल्यात पडू नये हे मी सरकारकडूनच शिकलो होतो.

मी लिहिलं. शाईची दौत पुढे केली. शामकलेला सही येत होती. लग्नानंतरच्या दहा महिन्यांत खुशालने कोळशाने भिंतीवर लिहून लिहून तिला तिचं नाव शिकवलं होतं, आणि माझ्या तिन्ही अर्जांवर तिने वेडीवाकडी पण सही केली होती. मी टाक तिच्या हातात दिला. तिने तो खाली ठेवला.

"ते अक्षर त्याचं होय," ती म्हणाली. "ते मले नाई पायजे." आणि शिक्क्याच्या गादीवर अंगठा दाबून तिने कागदावर उठवला.

ते पाकीट मीच शिक्का मारून थैलीत टाकलं.

पंचावन्न साली गोंदियाला मास्तरांची सभा होती. आमच्या दोन मास्तरांचं एका खुर्चीवरून वर्षभर भांडण चाललं होतं. इन्स्पेक्टरसाहेब, आजवर इंग्रजीतून कारभार केलेला माणूस, दोघांना उभं करून म्हणाले, "जाओ, बाहर जाकर आपस में सेटलमेंट कर लो." सगळे हसले. मी हसलो नाही. खुर्चीची मोजणी होत नाही, खुर्ची कोणाच्या नावावर चढत नाही. मी शेजारच्याला विचारलं, तो म्हणाला, "समझौता, यार. तडजोड. और क्या?" दुपारच्या सुटीत मी तिथल्या हायस्कुलात गेलो आणि जाडा कोश मागून घेतला. सेटलमेंट: तडजोड, समेट, मिटवामिटव. जमिनीचा बंदोबस्त तिसऱ्या क्रमांकावर होता. मग 'इंटर्नल' काढला. अंतर्गत, देशांतर्गत.

गाडीत मी तो जुना कागद मनातल्या मनात पुन्हा वाचला. त्यात एवढंच होतं की बर्मातली यादवी हा बर्माचा अंतर्गत प्रश्न आहे, भारत त्यात पडत नाही, आणि लवकर समेट होईल अशी आशा आहे. खुशालने काय केलं, काय नाही, याविषयी त्यात एक अक्षर नव्हतं. दिल्लीने एका बाईला तिचा नवरा कुठे आहे याचं उत्तर म्हणून आपलं परराष्ट्र धोरण पाठवलं होतं.

टोल्यात परतून मी काय केलं? काही नाही. आधी वाटलं, उद्या सांगू. मग वाटलं, कागद तर गेला, आता सांगून तिला जाळायचं कशाला? मग वाटलं, खरोखरच त्याने दुसरी केली असेल तर? ही सगळी कारणं मी स्वतःला नीट, अक्षर वळणदार काढून सांगत होतो. खरं कारण हे की ओट्यावरची ती वीस माणसं मला हसली असती. त्यासाठी मी तीन वर्षं तोंड शिवून घेतलं. शामकला रोज शाळेवरून सरपणाचा भारा घेऊन जायची आणि मला 'राम राम गुरुजी' म्हणायची, मी 'राम राम' म्हणायचो. अशा माणसाला काय म्हणावं ते वाचणाऱ्याने ठरवावं, मी ठरवून बसलो आहे.

अठ्ठावन्नच्या कार्तिकात, कापणीचे दिवस, आमगावकडचा चुन्नीलाल नावाचा माणूस खुशालचं घर विचारत टोल्यात आला. रंगूनहून नुकताच परतलेला. कवडूने त्याला शाळेच्या ओट्यावर बसवलं, माणसं जमली, शामकला पुन्हा वर्गात दाराआड उभी राहिली. चुन्नीलाल हिंदी-मराठी मिसळून बोलत होता.

"खुशालभाऊ मागच्या पौषात गेला," तो म्हणाला. "बुखार झाला. मीच होतो जवळ."

कवडूने डोक्याला हात लावला. शालीकरामने विचारलं, "अना त्याची घरवाली? जमीन?"

"कायची जमीन?" चुन्नीलाल म्हणाला. "कायची घरवाली?"

मग त्याने सांगितलं. टाउंगूची गिरणी लढाईत जळाली, खुशालची सगळी कागदपत्रं त्यात गेली. करेण लोकांनी आरावाल्यांना डोंगरात नेलं, झोपड्यांना, पुलांना लाकूड लागायचं त्यांना. चार वर्षं त्याने तिथे बंदुकीच्या पहाऱ्यात आरा ओढला. चिठ्ठी कोणाच्या हाती देणार? एके दिवशी पळाला, दोन महिने जंगलातून चालत रंगूनला पोचला, सरळ आपल्या वकिलातीत गेला. त्यांनी कागद भरून घेतला आणि म्हणाले, घरून होकार आला की पाठवतो. तीन महिने तो रोज त्या फाटकाशी जाऊन बसायचा. चुन्नीलालही तिथेच बसायचा, त्याचाही कागद गेला होता. त्याचा होकार आला, पण त्याचं रंगूनमध्ये दुकान अडकलं होतं म्हणून तो थांबला.

"फिर एक दिन बाबू ने आवाज दी. सबके सामने पढ़ा. हा मानूस माहा कोनी नाई."

वर्गाच्या दाराशी हालचाल झाली. शामकला बाहेर आली. भासरा समोर बसला होता, तिने पदर ओढला नाही. ओट्याच्या मधोमध येऊन उभी राहिली. कवडूने मान खाली घातली.

"मंग?" ती म्हणाली. "मंग तो का म्हने?"

चुन्नीलालने तिच्याकडे पाहिलं. ही कोण, ते त्याला कोणी सांगितलं नव्हतं. "तो हसला, बाई. म्हने, दाखवा कागद. पायला अना म्हने, हा माह्या शामकलेचा कागद नोहे. माही शामकला सही करते, मी शिकवली. ते जित्ती असती त अंगठा काऊन देल्ला असता? ते मेली. दादाले सांगाले जीव नाई झाला, म्हनून कोनाचा तरी अंगठा लावून धाडला. बाबूनं म्हटलं, दुसरी चिठ्ठी लिवू भावाले. तो म्हने, आता कोनासाठी जाऊ?" चुन्नीलाल थांबला, मग म्हणाला, "त्यानं मुंडन केलं. दहाव्या दिवशी नदीवर पिंड देल्ला. मी होतो संग. शामकला, शामकला, असं नाव घेऊन देल्ला. मंग गोदीत माल उचलत राह्यला. घरचं नाव पुन्हा काढलं नाई."

मी उठलो. आता तरी उठलो. म्हणालो, "शामकला, त्या पहिल्या कागदाचा अर्थ मी चुकीचा सांगितला होता." आणि सगळ्यांसमोर सांगितलं. सेटलमेंट म्हणजे काय, घरचा मामला म्हणजे कोणाच्या घरचा. शालीकराम "अरे, पन सेटलमेंट म्हंजे..." म्हणून बोलायला गेला आणि त्याचं वाक्य तसंच राहिलं.

शामकलेने नीट ऐकून घेतलं. दोनदा विचारलं.

"म्हंजे भांडन मिटवनं?"

"हो."

"अना मामला त्यायच्या देशाचा?"

"हो."

"म्हंजे सरकारनं माह्या घराचं काईच म्हटलं नाई?"

"काहीच नाही."

"तुमाले हे कवा समजलं?"

खोटं बोलायची ती शेवटची संधी होती. "तीन वर्षं झाली," मी म्हणालो.

तिने बोटांवर मोजलं. "म्हंजे तो जित्ता होता तवा."

"हो."

"पोरायले शबुद शिकवता न जी तुमी?" ती म्हणाली. त्यानंतर तिने मला गुरुजी म्हटलं नाही. काहीच म्हटलं नाही.

कवडूने रीतीप्रमाणे सुतक धरलं, डोकं भादरलं, दहाव्या दिवशी नाल्यावर खुशालचा पिंड दिला. मी गेलो होतो. कोणी ये म्हटलं नव्हतं आणि जा असंही म्हटलं नाही. परत आल्यावर बाया शामकलेच्या दारात जमल्या. तिच्या हातांत हिरव्या बांगड्या होत्या. टाकलेली बाई झाली तरी नवरा जिवंत असेपर्यंत सवाशीणच, म्हणून तिने त्या कधी उतरवल्या नव्हत्या. रुख्मा रडत पुढे झाली, हातात दगड होता. रीत होती ती. तिने शामकलेचा हात धरला.

शामकलेने हात सोडवून घेतला.

"त्यानं माहं दहावं चार सालाआधीच केलं," ती म्हणाली. "मेलेल्या बाईच्या बांगड्या फोडाले तुमी कायले आल्या?"

रुख्माच्या हातातला दगड तसाच राहिला. शामकलेने कुडात खोचलेला विळा काढला आणि ती बांधीकडे निघाली, कारण अर्धं धान अजून कापायचं राहिलं होतं.